रोमन नाटकासाठी टोगा: जांभळा काठ कोणाला आणि किती

स्नेहसंमेलनात रोमन काळावरचे नाटक बसवताना सगळ्याच पात्रांना जांभळे पट्टे लावण्याचा मोह टाळावा. प्राचीन रोममध्ये हा रंग कोणाच्या अंगावर, कोठे आणि किती रुंद आहे यावरून माणसाचा दर्जा ओळखला जाई. म्हणून सोलापूरच्या चाटी गल्लीत कापड घ्यायला निघण्यापूर्वी पात्रांची यादी करून प्रत्येकासमोर त्याचे पद लिहावे.

सिनेटरच्या ट्युनिकवर, म्हणजे आतल्या सैल अंगरख्यावर, दोन्ही खांद्यांपासून खालच्या कडेपर्यंत पुढे व मागे रुंद जांभळे पट्टे उतरत, तर त्याखालोखालच्या इक्विटेस वर्गाचे पट्टे अरुंद असत. पट्टे अनुक्रमे 3 इंच आणि 1 इंच ठेवावेत, म्हणजे हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेलाही फरक कळेल. ट्युनिकवरून अंगाभोवती गुंडाळायचे मोठे अर्धगोल वस्त्र म्हणजे टोगा. कॉन्सल, प्रेटर अशा उच्च पदाधिकाऱ्यांच्या पांढऱ्या टोग्याला जांभळा काठ असे. तसाच काठ स्वतंत्र नागरिकांच्या लहान मुलांनाही असे, हे विसरू नये. वयात आल्यावर मुलगा तो उतरवून साधा पांढरा टोगा घेई. संपूर्ण जांभळा, सोनेरी भरतकामाचा टोगा विजययात्रेतील सेनापतीसाठी आणि पुढे सम्राटासाठी राखावा. उमेदवाराचा टोगा खडूने अधिक शुभ्र केलेला, शोक करणाऱ्याचा गडद. गुलाम आणि परकीय यांना टोग्याचा अधिकारच नव्हता.

रंगाची निवड सर्वांत जपून करावी, कारण बाजारातला चमकदार वांगी रंग येथे चालत नाही. भूमध्य समुद्रकाठच्या टायर या प्राचीन शहराचा उत्तम जांभळा साकळलेल्या रक्तासारखा, वरवर काळपट आणि उजेडात झळकणारा असतो, असे रोमन लेखक प्लिनीने लिहिले आहे. तो म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायींपासून काढत. 1909 मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाला 12,000 गोगलगायींपासून जेमतेम 1.4 ग्रॅम रंग मिळाला, यावरून त्याची किंमत लक्षात यावी. सूत रंगवण्यात मुरलेले कारागीर आपल्या शहरात आहेत. त्यांना छटा नीट समजावून सांगितली, तर ती हमखास जमते.

मूळ टोगा लोकरीचा असे; आपल्या उन्हाळ्यात जाड मांजरपाट घ्यावा. त्याचा किंचित पिवळसर रंग लोकरीच्या जवळ जातो. दोन पन्हे जोडून सुमारे साडेचार मीटर लांबीचा अर्धगोल कापावा. काठ गोलाईच्या कडेला शिवावा. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातील ब्राँझच्या वक्त्याच्या पुतळ्यावर तो तेथेच दिसतो. नेसताना सरळ कड मानेकडे ठेवून एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे पावलापर्यंत सोडावे. उरलेले कापड पाठीमागून उजव्या काखेखालून आणून छातीवरून पुन्हा डाव्या खांद्यावर टाकावे. उजवा हात मोकळा राहतो. डाव्या हाताने निऱ्या सावराव्या लागतात, त्यामुळे त्या हातात दुसरी वस्तू देऊ नये. आत खांद्याशी एक सेफ्टी पिन लावावी आणि तालमी पहिल्यापासून टोग्यातच घ्याव्यात.