लैंगिक छळाविरुद्धच्या कामात संघटनेचे सभासद कसे सामील करावेत

जळगावच्या एमआयडीसीतील चटईचा कारखाना असो की नंदुरबारची मिरची वाळवायची पथारी, तेथे ठेक्यावर किंवा रोजंदारीवर राबणाऱ्या बाईला उद्या काम मिळणार की नाही, हे पुष्कळदा मुकादम किंवा सुपरवायझर ठरवतो. तोच त्रास देत असेल, तर तक्रार केल्यास रोज बुडेल या भीतीने ती गप्प राहते. म्हणून कामगार संघटनेने तक्रार येण्याची वाट न पाहता आपली भूमिका आधीच ठरवावी आणि ती प्रत्येक सभासदापर्यंत पोहोचवावी.

सुरुवात कार्यकारिणीच्या लेखी ठरावाने करावी. त्यात एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद असावी : ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आपलाच सभासद, अगदी पदाधिकारी असला, तरी संघटना त्याच्यासाठी मालकाकडे रदबदली करणार नाही आणि तक्रारदार बाईवर माघारीचे दडपण आणणार नाही. त्याला आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र दोघांनाही एकाच पदाधिकाऱ्याने सल्ला देऊ नये. या मुद्द्यावर सभेत वाद होतो, "आपल्यात फूट पडेल" असे जुने कार्यकर्ते म्हणतात. तो वाद होऊ द्यावा, घाईने मतदान घेऊ नये. तक्रार दाबली गेली की बायका सभेला येणे सोडतात आणि पुढच्या लढ्यात त्यांची साथ मिळत नाही, हे या कार्यकर्त्यांना शांतपणे पटवून द्यावे. शहाद्याच्या श्रमिक संघटनेत 1970च्या दशकात आदिवासी बायकांनी मजुरीच्या लढ्याबरोबरच दारू आणि नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्नही हाती घेतला होता. हे आपल्याच मुलखातले उदाहरण सभेत जरूर सांगावे.

गेट सभेत भाषण देऊन हे काम होत नाही. बायकांच्या बैठका पाळी सुटल्यावर, त्यांच्या वस्तीत, अहिराणीत किंवा भिलीत घ्याव्यात आणि पुरुष सभासदांशी वेगळे बोलावे. पुरुषांसमोर नुसती कलमे वाचू नयेत. सुपरवायझर ओव्हरटाइमच्या बदल्यात बाईला एकटीला थांबायला सांगतो, तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या माणसाने काय करावे, असा प्रश्न ठेवून त्यांनाच बोलते करावे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतच्या विशाखा प्रकरणातील 1997च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या सभेत हा विषय मांडू द्यावा, असे स्पष्ट म्हटले होते. व्यवस्थापनाने आडकाठी केल्यास त्याचा आधार घ्यावा.

प्रत्येक पाळीत बायकांनीच निवडलेल्या दोघी विश्वासू सभासद असाव्यात. त्यांनी ऐकून घ्यावे, उलटतपासणी करू नये; तारीख, ठिकाण, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत आणि पुढचे पाऊल बाईच्या संमतीनेच टाकावे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार समितीकडे (ती कोणती, हे पुढे दिले आहे) लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल, तर मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. तिला पोलिसांकडे जायचे असेल, तर सोबत जावे. चौकशीतील नावे व तपशील जाहीर करण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे फलकावर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक शब्दही जाता कामा नये. तक्रारीनंतर तिची हजेरी, पाळी आणि ओव्हरटाइम या दोघींनी दर आठवड्याला तपासावा. कपात दिसताच संघटनेने व्यवस्थापनाला त्याच दिवशी पत्र द्यावे.

दहा किंवा अधिक कामगार असतील, तेथे अंतर्गत समिती नेमणे मालकावर बंधनकारक आहे आणि न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. समिती कागदावरच असल्याचे आढळल्यास पुढच्या मागणीपत्रात दोन मागण्या घालाव्यात : सदस्यांची नावे दर्शनी भागात लावावीत आणि कर्मचारी सदस्य संघटनेशी विचारविनिमय करून नेमावेत. कायद्याच्या व्याख्येत ठेकेदाराचे, रोजंदारीचे आणि शिकाऊ कामगारही येतात; सभासद नसलेल्या ठेका कामगार बाईलाही संघटनेने तितकीच साथ द्यावी. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणची, तसेच खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून त्या समितीचा पत्ता आणि अध्यक्षांचे नाव आजच मिळवून प्रत्येक पाळीतील दोघींकडे लिहून द्यावे.