चिनी राजवंशाचा अधिकृत इतिहास कसा वाचावा

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. चीनच्या परंपरेने मान्य केलेले अधिकृत इतिहास 24 आहेत आणि त्यातला एकट्या सोंग घराण्याचाच 496 अध्यायांचा. सरळ वाचत गेलात तर 'अमुक महिन्यात ग्रहण, तमुक अधिकाऱ्याची बदली' अशा नोंदींच्या चिखलात चाक रुतेल. माझं रुतलं होतं. हे ग्रंथ दप्तरासारखे हाताळायचे: एक कागद काढायचा, त्यावरून दुसरा शोधायचा.

1. आधी लेखनाचं साल बघा

घराणं बुडालं की त्याचा इतिहास पुढच्या घराण्याने लिहून घ्यायचा, असा रिवाज होता. म्हणजे मेलेल्याचं चरित्र त्याचा वारस लिहिणार, आणि काही वेळा मारणाराच. मिंग घराण्याकडून 1644 मध्ये बीजिंग गेलं. पुढच्या छिंग घराण्याच्या दरबाराने 1645 मध्येच मिंगांच्या इतिहासाचं काम काढलं आणि ते पुरं झालं 1739 मध्ये. त्याआधी मिंगांनी मंगोल युआन घराण्याचा इतिहास 1369-70 मध्ये उरकला होता. प्रत्यक्ष काम वर्षभराचंही नव्हतं. घाई दिसते. सेनापती सुबुताईचं नाव चिनी लिपीत दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं, आणि एकाच माणसाची दोन चरित्रं लागोपाठच्या अध्यायांत येऊन बसली.

मिंगांचा इतिहास त्यामानाने नेटका आहे. पण छिंग राजांचे पूर्वज कधीकाळी मिंगांचे मांडलिक होते, हे त्यातून जवळजवळ पुसलेलं आहे. सावकाश काम करणाऱ्याला झाकायलाही वेळ मिळतो.

2. अनुक्रमणिका निकालपत्रासारखी वाचा

मांडणी ठरवली सिमा छ्येन याने, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुरुवातीला. 'शिजी' या त्याच्या इतिहासग्रंथाचे 130 अध्याय: 12 राजवृत्तं, 10 कोष्टकं, 8 विषयवार प्रकरणं (पंचांग, कालवे, अर्थकारण वगैरे), 30 सरदार घराणी आणि 70 चरित्रं. पुढच्यांनी सरदार घराण्यांचा विभाग बहुधा गाळला, पण बाकीचा सांगाडा टिकला.

कोण कुठे बसवलाय, यातच लेखकाचं मत कळतं. श्यांग यू हा हान संस्थापकाचा प्रतिस्पर्धी सेनापती. तो कधी सम्राट झाला नाही, तरी सिमा छ्येनने त्याला राजवृत्तात जागा दिली. पुढच्या काळातल्या बान गूने 'हानशू' या हान घराण्याच्या इतिहासात त्याला उचलून चरित्रांत टाकलं. वांग मांगने तर हान गादी बळकावून इसवी सन 9 ते 23 राज्य केलं. त्याला राजवृत्त नाहीच. त्याचं चरित्र ग्रंथाच्या शेपटाला आहे.

3. एक प्रसंग घ्या आणि तो निदान तीन ठिकाणी शोधा

खरी गंमत इथे आहे. सरावाला इसवी सनापूर्वी 205 मधली फंगछंगची लढाई घ्या. श्यांग यूने लिऊ बांगची दाणादाण उडवली, हे सर्वांना माहीत. हा लिऊ बांग म्हणजे पुढे हान घराण्याचा संस्थापक. 'शिजी'त त्याचं स्वतःचं राजवृत्त उघडा. घरचे लोक पांगले होते, पराभवानंतर एकटा मुलगा तेवढा सापडला, असं दोन ओळींत आटोपलेलं दिसेल.

आता श्यांग यूचं राजवृत्त काढा. तिथे लिऊ बांग रथातून पळतोय, वाटेत मुलगा आणि मुलगी भेटतात, तो त्यांना रथात घेतो. मागे शत्रूचे घोडेस्वार. रथ हलका करायला बाप पोटच्या पोरांना खाली ढकलतो. सोबतचा सारथी श्याहौ यिंग उतरून त्यांना परत वर घेतो. असं तीनदा.

तिसरा कागद श्याहौ यिंगच्या चरित्राचा. त्यात आणखी एक तपशील: चिडलेल्या लिऊ बांगच्या मनात वाटेत दहा-बारा वेळा तरी यिंगचं डोकं उडवायचं आलं.

सिमा छ्येन हान सम्राटाच्या पदरी होता. संस्थापकाच्या अध्यायात त्याने मान राखला आणि खरी हकीकत शेजारच्या दोन घरांत ठेवून दिली. म्हणून नियम असा: माणसाचे गुण त्याच्या अध्यायात बघा, दोष त्याच्या शत्रूच्या आणि नोकराच्या.

4. क्रियापदांवर बोट ठेवा

आपण 'कैलासवासी झाले' आणि 'मेला' यांत फरक करतो, तसाच इथे. सम्राट गेला तर 'बंग', म्हणजे डोंगर कोसळावा तसा कोसळला. बडा सरदार 'होंग', अधिकारी 'झू'. राजाचा खून झाला तर त्याला वेगळंच क्रियापद, 'श'. त्यात खुनी खालच्या पायरीचा आणि अपराधी, हे आलंच. इसवी सनापूर्वी 548 मध्ये छी राज्यात मंत्री त्स्वेइ झू याच्याविषयी हाच शब्द लिहिल्याबद्दल दरबारी लेखक मारला गेला, आणि त्याच्यामागून तेच लिहिणारे त्याचे भाऊही. त्यानंतरच्या भावानेही तेच लिहिलं, तेव्हा मंत्र्याने नाद सोडला.

5. माल कुठून आला ते विचारा

तांग सम्राट ताइझोंगने 629 मध्ये इतिहासलेखनाची कचेरी राजवाड्यात आणली. तेव्हापासून ही साखळी पक्की झाली: दरबाराची रोजनिशी, तिच्यावरून त्या त्या राजवटीची नोंदवही, आणि घराणं संपल्यावर अंतिम ग्रंथ. सम्राटाने स्वतःची रोजनिशी वाचू नये, असा संकेत होता. ताइझोंगने ती मागितली, तेव्हा लेखनिक चू स्वेइलियांगने नकार दिला; चूक झाली तर तीही नोंदवीन, हेही सांगितलं. पुढे मंत्र्यांनी त्यावरून केलेला गोषवारा सम्राटापर्यंत पोचलाच. 626 मध्ये दोन सख्ख्या भावांना मारून तो गादीपर्यंत पोचला होता. तो प्रसंग आडपडदा न ठेवता लिहा, असं त्याने वर बजावलं. मला हा दिलदारपणा वाटत नाही. आपली बाजू उघडपणे मांडली जावी, याची ती तजवीज होती.

6. अध्यायाअखेरचा अभिप्राय शेवटी वाचा

'शिजी'त 'ताइशगोंग (म्हणजे दरबारी इतिहासकार, सिमा छ्येन स्वतः) म्हणतात' अशा शब्दांनी तो सुरू होतो. आधी वाचलात तर त्याच चष्म्यातून सगळं दिसेल. श्यांग यूबद्दल तिथे आधी कौतुक आहे, मग 'मला दैवाने बुडवलं' या त्याच्या म्हणण्यावर सणसणीत टोला.

7. घरी करायचा सराव

आपल्या महाराष्ट्राचं आणि पुलकेशीचं वर्णन करून गेलेला युआन श्वांग शाळेत भेटलेला आहेच. तांग घराण्याचे दोन इतिहास आहेत, जुना 945 चा आणि नवा 1060 चा. जुन्याच्या 191 व्या अध्यायात त्याचं चरित्र आहे, वैद्य आणि ज्योतिषांच्या पंगतीत. नव्याचा एक प्रमुख लेखक ओऊयांग श्यू बौद्धांवर खार खाऊन. तिथे या भिक्षूचं चरित्रच नाही. पण थांबू नका. नव्या इतिहासातलं परदेशांचं प्रकरण काढा आणि भारताच्या नोंदीत हर्षवर्धनाचा दरबार शोधा.