गांधी टोपी आवळते किंवा ढिली होते: या चुका टाळा

रोजच्या वापरातली गांधी टोपी दोन्ही तऱ्हेने छळते. पहिल्या दोन-तीन धुण्यांत ती आवळते आणि कपाळावर लाल वळ उठतो. वर्षभराने तीच टोपी इतकी सैल होते की वाऱ्याची झुळूक आली तरी हात डोक्याकडे जातो. दोष शिंप्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो, पण माप बिघडतं ते बहुतेक वेळा मोरीत, दोरीवर आणि इस्त्रीखाली.

डोकं मोजलं, टोपी मोजलीच नाही

टेप भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायचा. इथवर बहुतेकांचं बरोबर असतं. टोपीचं माप मात्र नुसतं घालून बघितलं जातं. त्यापेक्षा टोपीची घडी पाटावर चपटी ठेवा, खालची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. 11 इंच भरली तर टोपी 22 ची. कापडाच्या जाडीमुळे आतला घेर याहून जरासा कमीच असतो, म्हणून डोकं साडेबावीस असेल तर घडी सव्वाअकराच्या किंचित पुढे हवी. हा आकडा टोपी नवी असतानाच कुठेतरी लिहून ठेवा. पुढे ती आवळली की सैल झाली, याचा निवाडा त्याच आकड्यावर होतो.

नवी टोपी न धुता बेतशीर बसली तर तेही चांगलं लक्षण नव्हे. कोऱ्या खादीचं कापड आटतं. ते शेकडा 3 जरी आटलं, तरी 22 इंचांतून अर्ध्या इंचाहून जास्त गेलं. टोपी शिवून घेणार असाल तर कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच शिंप्याकडे द्या. तयार घेताना दुकानदाराला कापड धुतलेलं आहे का ते विचारा. कोरं असेल तर अर्धा इंच मोठी घ्या.

टोपीची बाजूची पट्टी उरेब कापली असेल, म्हणजे धागे कडेला तिरपे जात असतील, तर ती टोपी घेऊच नका. तिरपं कापड ताणत राहतं आणि अशी टोपी कितीही आवळून दिली तरी महिन्याभरात पुन्हा सैल होते. टोपी उजेडात धरून धागे बघितले की लगेच कळतं.

धुताना

काळ्या टोपीवर घाम दिसत नाही, पांढरीवर दिसतो, म्हणून ती धुवावीच लागते. पांढरा रंग का निवडला, हे गांधीजींनी आपले सहकारी काका कालेलकर यांना याच धर्तीवर सांगितलं होतं. म्हणजे ही टोपी मुळातच वरचेवर धुण्यासाठी आहे, आणि तिचं माप टिकवायचं तर धुण्याची पद्धत सांभाळावी लागते.

उकळतं पाणी नको. गरम पाण्यात सुती धागा अधिक आवळतो. कोमट पाण्यात साबणाची पूड घालून 20 ते 30 मिनिटं भिजवा. खालच्या कडेवर तेल आणि घामाचा पिवळा पट्टा असतो, त्यावर आधी भांड्यांचा पातळ साबण चोळून 15 मिनिटं ठेवला की तेल सुटतं. कड बोटांनी चोळा. कडक ब्रश फिरवला की नेमक्या त्याच जागी धागे विरतात. ब्लीचचंही तसंच आहे: दोन-चार वेळा टोपी लख्ख दिसते आणि मग कडेला जीर्ण होऊन फाटते.

सर्वांत वाईट सवय पिळण्याची. पीळ दिला की पट्टी तिरपी ओढली जाते, आणि सुकल्यावर टोपीचं एक टोक उजवीकडे पाहत राहतं. दोन तळव्यांमध्ये दाबून पाणी काढायचं, बस्स.

ओली असतानाच माप बसवा

इथे पाच मिनिटं दिली तर पुढचा सगळा त्रास वाचतो. ओलं सुती कापड थोडं ऐकतं, सुकलेलं ऐकत नाही. टोपी ओलसर असताना दोन्ही हातांनी खालची कड हलके ताणा, पाटावर चपटी ठेवून मोजा आणि लिहून ठेवलेल्या आकड्यापर्यंत आणा. झटके देऊन ताणू नका. एकाच जागी ओढलं तर कड लाटांसारखी होते.

खळ द्यायची असेल तर ती याच्या आधी. तीन चहाचे चमचे कॉर्नफ्लॉवर थोड्या गार पाण्यात कालवून अर्धा लिटर उकळत्या पाण्यात ओता, गुठळ्या होऊ न देता दोन मिनिटं ढवळा आणि फडक्यातून गाळा. नीळ द्यायची तर ती खळीच्या आधीच्या शेवटच्या पाण्यात, अर्ध्या बादलीला तीन-चार थेंब, त्याहून जास्त नाही. खळ कोमट झाल्यावर ओलसर टोपी बुडवून दाबून काढा आणि मग माप बसवा. खळ सुकताना कापड ज्या मापात असतं त्याच मापात ताठ होतं. आकसलेल्या टोपीला खळ दिली तर ती आकसलेलीच ताठ होणार. दाट खळीची टोपी घडीवर तडकते, आणि घाम आला की कपाळाला चिकटते ते वेगळंच.

एका टोकाला चिमटा लावून दोरीवर लटकवू नका. ओल्या कापडाच्या वजनाने ते टोक लांबतं. सावलीत सपाट वाळवा, किंचित ओल असतानाच इस्त्री फिरवा. इस्त्री कडेच्या दिशेने ढकलत नेली की पट्टी ताणली जाते, म्हणून उचलून ठेवत दाबा.

सैल झालीच तर

आधी धुवा. बऱ्याच सैल टोप्या नुसत्या धुण्याने जागेवर येतात, कारण वापरताना ताणलेले धागे पाण्यात परत आवळतात. पुढचं टोक धरून टोपी ओढून काढायची सवय असेल तर तीही सोडा.

तरीही सैल राहिली, तर आत कापसाची घडी किंवा कागद कोंबू नका, घामाने त्याचा लगदा होतो. आतून सुती फीत लावावी, तीही फक्त मागच्या अर्ध्या भागात. साधा हिशोब असा: पूर्ण घेरभर 1 मिलिमीटर जाडी वाढली तर आतला घेर 6 मिलिमीटरने कमी होतो, अर्ध्या घेराला लावली तर 3 ने. त्याहून जास्त हवं असेल तर मागच्या जोडावर आतून चिमटी घ्या. पाव इंचाची चिमटी अर्धा इंच घेर खाते. आधी मोठ्या टाक्यांनी कच्ची शिवून दोन दिवस वापरा, मगच मशीन मारा.

घट्ट झाली तर

टोपी ओली करून, हव्या घेराच्या स्टीलच्या डब्यावर घालून सुकवा. डब्याचा घेर टेपने मोजूनच घ्या, अंदाज नको. तेवढ्याने भागलं नाही तर शिवणीत ठेवलेली माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, उपयोगी पडते. मागचा जोड खालून दीड इंचापर्यंत उसवा आणि खाली जास्त, वर शून्य अशी निमुळती शिवण घाला. जोड वरपर्यंत उसवलात तर वरचा लांबट तुकडा पट्टीला पुरत नाही आणि माथ्यावर चुण्या पडतात.

लोकरी काळ्या टोपीला यातलं काही लागू नाही. ओल, ऊब आणि चोळणं एकत्र आलं की लोकर घट्ट विणल्यासारखी आटते, ती परत सुटत नाही. तिला वीतभर अंतरावरून 15-20 सेकंद वाफ द्या आणि डोक्यावर घालूनच सुकू द्या. आतली चामड्याची पट्टी उन्हात किंवा हीटरजवळ आकसते, म्हणून घामेजलेली टोपी तिथे ठेवू नका.

पावसाळ्यात खळीच्या टोप्या कपाटात साठवू नका. खळीवर बुरशी धरते आणि कसर लागते. वारीत किंवा रस्त्यात भिजलेली टोपी घडी करून खिशात कोंबली तर घडीवर काळे ठिपके येतात आणि ते सहसा निघत नाहीत. घरी आल्याबरोबर ती साध्या पाण्यातून काढा, कड मोजून माप बसवा आणि पंख्याखाली सपाट पसरून ठेवा. खळ सण-समारंभाच्या आदल्या दिवशी दिली तरी चालते.