खेळ आणि वन्यजीवांसाठी प्रो डीएसएलआर: पहिल्या सहा महिन्यांत काय शिकायचं

खेळ आणि वन्यजीव टिपायला डीएसएलआर, म्हणजे आतल्या आरशातून बघायचा आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, बघायला लागलेला नवखा माणूस आधी विचारतो, सेकंदाला फ्रेम किती निघतात? कॅनन वन-डी एक्स मार्क टू १४ काढतो, निकॉन डी५ १२ काढतो, डी५०० १० काढतो. पण फोकस चुकलेला असेल तर या वेगाने एका सेकंदात चौदा फोटो वाया जातात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांतली बहुतेक मेहनत ऑटोफोकसवर जायला हवी. रंग, रचना, एडिटिंग हे कुठल्याही साध्या कॅमेऱ्यावर शिकता येतं. धावत्या, उडत्या गोष्टीवर फोकस टिकवणं मात्र याच बॉडीवर आणि हातातल्या त्याच लेन्सवर शिकावं लागतं.

आरशामागे काय चालतं

लेन्समधून आलेला प्रकाश मुख्य आरशावर पडतो आणि वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार झालेला प्रकाश मागचा छोटा दुय्यम आरसा खाली वळवतो आणि मिरर बॉक्सच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर टाकतो. हा सेन्सर एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा ताडून बघतो आणि फोकस कुठल्या बाजूला, किती सरकवायचा हे लेन्सला कळवतो. शटर दाबलं की दोन्ही आरसे वर जातात. तेवढा वेळ फोकस सेन्सरला काही दिसत नाही आणि तुम्हालाही दिसत नाही. वस्तू पुढच्या क्षणी कुठे असेल, याचा अंदाज कॅमेरा आधीच्या मोजमापांवरून बांधतो.

सेकंदाला १४ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण ७१ मिलिसेकंद. तेवढ्यात आरसा वर जाणं, शटर उघडणं-मिटणं, आरसा खाली येऊन स्थिर होणं आणि फोकसचं नवं मोजमाप, सगळं उरकायचं असतं. सरळ तुमच्या अंगावर येणारा धावपटू किंवा कुत्रा टिपताना फोटो मऊ, म्हणजे किंचित धूसर, येत असतील, तर मेनूत जाऊन कमाल वेग ८ किंवा १० वर आणून बघा. फोकसला मोजायला जास्त वेळ मिळतो आणि नेमके फोटो बऱ्याचदा वाढतात. सोबत कॅननवर 'सर्वो सेकंड इमेज प्रायॉरिटी' फोकसकडे सरकवा. निकॉनवर एएफ-सीची (सतत पाठलाग करणाऱ्या फोकस मोडची) प्रायॉरिटी 'रिलीज'वरून 'फोकस'कडे न्या.

याच रचनेमुळे एक गोष्ट सुरुवातीलाच मनावर कोरून घ्यायची: व्ह्यूफाइंडरमध्ये जो क्षण स्पष्ट दिसला, तो फोटोत नसतो, कारण फोटो निघताना आरसा वर असतो. शिवाय माणसाची प्रतिक्रिया सुमारे ०.२ सेकंद उशिरा येते. ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू तेवढ्या वेळात जवळपास आठ मीटर पुढे जातो. बॅटला चेंडू लागलेला दिसल्यावर बोट दाबलं, तर चेंडू फ्रेमबाहेर गेलेला असतो. म्हणून खेळाडूचा खांदा वळायला लागला, पक्ष्याने शेपूट खाली करून अंग आवळलं, की बोट दाबायचं. या खुणा ओळखण्यासाठी आधी कॅमेरा बाजूला ठेवून त्या खेळाकडे किंवा त्या पक्ष्याकडे तासन्‌तास बघत बसावं लागतं. या कामात त्याला पर्याय नाही.

लेन्स आणि बॉडी जुळवून घेणं

फोकसचा सेन्सर आणि फोटोचा सेन्सर वेगळे, प्रकाशाची वाटही वेगळी. दोन्ही वाटांत मिलिमीटरच्या अंशाइतका फरक असला तरी फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा मागे पडतो. यासाठी कॅननमध्ये एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट आणि निकॉनमध्ये एएफ फाइन-ट्यून आहे. दोन्हींत उणे २० ते अधिक २० पर्यंत सुधारणा करता येते. नवी लेन्स हाती आली की हे काम आधी.

अंतर फोकल लेंग्थच्या (लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या) किमान ५० पट घ्या. ४०० मिलिमीटरच्या लेन्सला २० मीटर. कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर, लेन्सचं अॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, मधला एकच फोकस पॉइंट, समोर ठळक छपाईचा सपाट कागद सेन्सरला समांतर. त्याच्या शेजारी एक पट्टी तिरकी ठेवा, म्हणजे फोकस पुढे पडतोय की मागे हे वाचता येतं. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा, एकदा जवळच्या बाजूने आणि एकदा अनंताच्या बाजूने. असे दहा फोटो काढा आणि त्यांचा कल बघून आकडा ठरवा. एका फोटोवरून ठरवलेला आकडा जवळपास हमखास चुकतो, कारण फोकसमध्ये प्रत्येक वेळी थोडी घट-वाढ होतच असते. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी, फोकल लेंग्थ वाढवणारी जोडलेन्स) लावला की ही जोडी कॅमेऱ्याच्या लेखी वेगळी असते, तिची चाचणी वेगळी करा.

अंगठ्याने फोकस

शटरच्या बटणावरचा फोकस काढून टाका आणि तो फक्त मागच्या एएफ-ऑन बटणावर ठेवा. फोकस मोड कॅननवर एआय सर्वो, निकॉनवर एएफ-सी. आता अंगठा दाबून ठेवला की फोकस पाठलाग करतो, उचलला की जिथे आहे तिथे थांबतो. घार घिरट्या घालतेय तोवर अंगठा दाबलेला, ती फांदीआड गेली की उचललेला, बाहेर आली की पुन्हा दाबलेला. सुरुवातीला अंगठा विसरतो आणि ओळीने धूसर फोटो येतात. दोन-तीन आठवड्यांत सवय होते. तोवर मध्येच जुन्या पद्धतीवर जाऊ नका, नाहीतर हाताला दोन्हीतलं काहीच धड येत नाही.

फोकस पॉइंट किती वापरायचे, हा पुढचा प्रश्न. गवतात किंवा काटक्यांत बसलेल्या पक्ष्यासाठी एकच, शक्य तितका लहान पॉइंट. मैदानावरच्या खेळाडूसाठी एक पॉइंट आणि भोवतीचे चार. मोकळ्या आकाशातल्या पक्ष्यासाठी झोन किंवा निकॉनचा ग्रुप एरिया, म्हणजे एकत्र चालणाऱ्या पॉइंटची चौकट. तोच पक्षी झाडांच्या रांगेसमोरून जायला लागला की पुन्हा लहान गटावर या. झोन आणि ग्रुप आपल्या चौकटीत जे सर्वांत जवळ आहे त्याकडे ओढले जातात, मग ते गवताचं पातं असो, गोलपोस्टची जाळी असो नाहीतर मध्ये आलेला पंच. 'फोकस आपोआप मागे गेला, पुढे गेला' अशा तक्रारी बहुतेक वेळा इथेच उगम पावतात. एका बटणावर एक पॉइंट आणि दुसऱ्यावर झोन बसवून घ्या, म्हणजे डोळा न हलवता बदलता येतं.

मध्ये कोणी आलं तर कॅमेऱ्याने लगेच त्याच्याकडे जायचं की थोडं थांबायचं, हेही ठरवता येतं. वन-डी एक्स मार्क टूवर केस १ ते ६ असे तयार संच आहेत. केस २ अडथळ्याकडे दुर्लक्ष करून मूळ खेळाडूला धरून ठेवतो, केस ३ नव्याने आलेल्याकडे झटकन जातो. गर्दीच्या सांघिक खेळाला केस २ पासून सुरुवात करा. अचानक थांबणाऱ्या-पळणाऱ्या खेळाडूंसाठी केस ४. निकॉन डी५ आणि डी५०० मध्ये हेच काम 'ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स'चा १ ते ५ चा आकडा करतो.

शटर स्पीडचं गणित

ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने, आडवा जाणारा पक्षी १/५०० सेकंदात ३० मिलिमीटर सरकतो आणि १/२००० मध्ये साडेसात. साडेसात मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण ४०० मिलिमीटरच्या लेन्सने २० मीटरवरून टिपताना सेन्सरवर ते सुमारे ०.१५ मिलिमीटर होतात. वन-डी एक्स मार्क टूचा एक पिक्सेल सुमारे ६.६ मायक्रॉनचा. म्हणजे कॅमेरा स्थिर धरला तर १/२००० लाही पक्षी २३ पिक्सेल फराटतो! फोटो धारदार येतो तो तुम्ही पक्ष्याबरोबर लेन्स फिरवता म्हणून. शटर स्पीड फक्त पंखांची आणि हाताची उरलेली हालचाल थांबवतो. त्यामुळे पॅनिंगचा, म्हणजे असं लेन्स फिरवण्याचा, सराव हा कलात्मक फराट्यांपुरता नाही, रोजच्या धारदार फोटोसाठीही तोच लागतो. पाय लक्ष्याच्या शेवटच्या जागेकडे रोवायचे, कोपरं अंगाला लावायची आणि कमरेतून वळायचं. बटण सोडल्यावरही लेन्स फिरती ठेवायची.

सुरुवातीचे आकडे: मैदानी खेळ १/१०००, चेंडू-रॅकेटचे खेळ १/१६००, उडणारे मोठे पक्षी १/२०००, लहान पक्षी १/३२००. मुद्दाम पार्श्वभूमी फराटायची असेल तर १/६० ते १/१२५.

अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायची सवय लवकर लागते, पण फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे किती भाग स्पष्ट येतो ती, किती उरते ते माहीत असू द्या. ४०० मिलिमीटर एफ/२.८ ला (एफचा आकडा लहान, तर छिद्र मोठं) २० मीटरवर सुमारे ४२ सेंटिमीटर. ६०० मिलिमीटर एफ/४ ला १० मीटरवर सात सेंटिमीटरही नाही. चोचीवर फोकस बसला तर डोळा गेला. दोन खेळाडू भिडलेले असतील तर एफ/४ किंवा एफ/५.६ वर जा आणि आयएसओ (प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) वाढू द्या. दाणेदार फोटो वापरता येतो, धूसर फोटो कुणी घेत नाही.

एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटो किती उजळ यावा यासाठी, सगळे मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ सुचवतात. ढग येत-जात असतील तर ते बरोबरच. पण ऊन स्थिर असताना उडत्या पक्ष्यासाठी आयएसओही हाताने ठरवा. पांढरा बगळा आकाशासमोरून झाडांसमोर गेला की ऑटो आयएसओ गडद पार्श्वभूमी बघून वर चढतो आणि बगळ्याच्या पिसांचा तपशील जळून जातो. बगळ्यावर पडणारं ऊन मात्र बदललेलंच नसतं.

बंदिस्त हॉलमध्ये वेगळीच अडचण. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. १/१००० ला प्रत्येक फ्रेम त्या चढउताराचा एक लहानसा तुकडा पकडते, म्हणून ओळीतला एक फोटो उजळ, दुसरा काळपट-पिवळा येतो. कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करा. कॅमेरा प्रकाशाचा कळस गाठून शटर सोडतो, वेग थोडा कमी होतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, पांढऱ्या कागदावर एकदा मोजून घ्या.

वजन, हवा, कार्ड

वन-डी एक्स मार्क टूची नुसती बॉडी १,३४० ग्रॅम, कॅननची ४०० मिलिमीटर एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती ३,८५० ग्रॅम. हे पाच किलो उचलताना पकड लेन्सच्या पायावर (ट्रायपॉडला जोडायच्या भागावर) हवी, बॉडीवर नको. बॉडीवर धरलं तर माउंटवर, म्हणजे लेन्स-बॉडीच्या जोडावर, ताण येतो. मोनोपॉडही लेन्सच्या पायालाच लावायचा. वन्यजीवांसाठी गिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारं ट्रायपॉडचं डोकं) असेल तर लेन्स पट्टीवर पुढे-मागे सरकवून अशी बसवा, की हात सोडल्यावर ती आडवीच राहील. कन्व्हर्टर लावला की पुन्हा जुळवा.

दुपारच्या उन्हात लांबचे सगळे फोटो मऊ आले तर लगेच फोकसला दोष देऊ नका. एका ओळीतले फोटो उलटसुलट बघा. कडा दर फोटोत वेगळ्या ठिकाणी लहरत असतील तर ती तापलेल्या जमिनीवरची हवा आहे. कुठलीही लेन्स तिच्यावर मात करत नाही. जवळ जा किंवा पहाटे या. थंड खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद बॅगेत अर्धा-पाऊण तास राहू द्या, म्हणजे काचेवर बाष्प धरत नाही.

२५ एमबीची रॉ (सेन्सरवरची कच्ची) फाइल गुणिले १४, म्हणजे सेकंदाला साडेतीनशे एमबी. कार्ड मंद असेल तर बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरतो आणि कॅमेरा ऐन वेळी अडखळतो. वेगवान कार्ड घ्या आणि चार-सहा फ्रेमचे छोटे बर्स्ट (सलग फोटोंच्या ओळी) काढा. घरी येऊन हजारो फोटो चाळायचेही तुम्हालाच असतात.

काम मिळवताना

खेळाच्या कामात फोटो किती चांगला यासोबत तो किती लवकर पोहोचला हे बघतात. मध्यंतराच्या आत पहिले फोटो गेले पाहिजेत, म्हणून बहुतेक जण जेपेग पाठवतात. सामन्याआधी जर्सी क्रमांकांची यादी मिळवा. दोन बॉडी वापरत असाल तर दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर गोल आणि जल्लोष यांचा क्रम उलटा लागतो. चांगली फ्रेम दिसली की तिथेच कॅमेऱ्यावर लॉक करा. फोटो मेकॅनिक हा प्रोग्राम फक्त लॉक केलेल्या फाइल उतरवून घेऊ शकतो. फोटोसोबतच्या मजकुरात कोण, काय, कधी, कुठे हे चारही यायलाच हवं आणि नावाचं स्पेलिंग यादीशी ताडलेलं असावं. बातमीच्या फोटोतून काहीही पुसायचं किंवा जोडायचं नाही.

वन्यजीवांच्या कामात प्राण्याचं वागणं बदललं की तुम्ही जास्त जवळ आहात. पक्ष्याने खाणं थांबवलं, तुमच्याकडे एकटक बघायला लागला, इशाऱ्याची हाक दिली, की मागे सरा. घरट्यापाशी तर थांबूच नका.

उपकरणांवरचा पैसा आधी लेन्सवर, मग बॉडीवर. कॅनन आणि निकॉन यांनी या वर्गात २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्यामुळे वापरलेल्या चांगल्या बॉडी मिळतात आणि शिकायला त्या पुरेशा आहेत. घेताना शटर किती वेळा चाललंय ते विचारा. वन-डी एक्स मार्क टूचं शटर ४ लाखांसाठी तपासलेलं असतं. एफ/१६ ला कोऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ बघा. सीएफ कार्डच्या खाचेत टॉर्च मारून पिना वाकलेल्या नाहीत ना ते तपासा, कारण वाकलेली एक पिन कार्डही खराब करते. कडेचे फोकस पॉइंट एकेक करून चालवून बघा.

सरावासाठी सायकलवाला पुरतो. चाळीस मीटरवरून त्याला सरळ तुमच्याकडे यायला सांगा, दर फेरीला एकच सेटिंग बदला आणि शंभर टक्के मोठं करून डोळा धारदार असलेल्या फ्रेम मोजून वहीत लिहा. शंभरात साठच्या वर आकडा टिकायला लागला की मग पक्ष्यांकडे वळा.