मसाज थेरपीला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दात आवळून गप्प पडून राहणं. दुखतंय म्हणजे काम होतंय, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण प्रेशर झेपेनासं झालं की स्नायू सैल पडायचा सोडून उलट आखडतो, श्वास अडकतो, मुठी वळतात आणि थेरपिस्ट जेवढा जोर लावेल तेवढं अंग आणखी ताठ होतं. दुखणं ० ते १० मध्ये मोजलं तर ६-७ च्या वर जाऊ देऊ नका, श्वास आरामात चालला पाहिजे. मधेच मुंग्या आल्या, बधिर वाटलं, करंट बसल्यासारखी कळ गेली तर बहुतेक नस दाबली जातेय, तिथल्या तिथे सांगा. चांगला थेरपिस्ट याचं वाईट वाटून घेत नाही, त्याला तर हे कळायलाच हवं असतं.

दुसरं, सुरुवातीला तब्येतीचे प्रश्न विचारतात तेव्हा "काही नाही हो, सगळं नॉर्मल" म्हणून उरकू नका प्लीज. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डीप टिश्यूने, म्हणजे खोलवर जोर देऊन केलेल्या मसाजने, अंग काळंनिळं पडू शकतं, प्रेग्नन्सी असेल तर कुशीवर झोपवून काम करावं लागतं, काहींना तेलाची ॲलर्जी असते, हे सगळं आधी माहीत नको का! ताप किंवा त्वचेचं इन्फेक्शन असेल तर सरळ दुसरी तारीख घ्या. आणि एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, तर मसाज अजिबात नको, आधी डॉक्टर. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं.

कपड्यांचं टेन्शन खूप जणांना असतं पण विचारत कोणी नाही. तुम्हाला ठीक वाटेल तेवढेच काढा, थेरपिस्ट त्या वेळी खोलीबाहेर थांबतो, नंतर अंगावर चादर असते आणि ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा करतात. गुप्तांगांना स्पर्श हा मसाजचा भाग कधीच नसतो. तसं काही झालं किंवा नुसतं खटकलं तरी "थांबा" म्हणा आणि उठा, कारण द्यायची गरज नाही आणि तक्रार जरूर करा.

भरपेट जेवून किंवा दारू पिऊन जाऊ नका. टेबलावरून झटकन उठू नका, बीपी थोडं उतरलेलं असतं, चक्कर येते.

दुसऱ्या दिवशी अंग जड वाटलं, दुखलं तर घाबरू नका, व्यायामानंतर दुखतं तसंच ते, एक-दोन दिवसात जातं. तीन-चार दिवस झाले तरी तसंच असेल तर प्रेशर जास्त झालं होतं, पुढच्या वेळी हलका हात मागा. पण लघवी चहासारखी गडद झाली, अंगात ताकद राहिली नाही तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. असं फार क्वचित होतं, पण स्नायूला खरंच इजा झाली की होतं. आणि "टॉक्सिन बाहेर पडतायत म्हणून दुखतंय" असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका, त्याला पुरावा नाही.