जीएचसीची अल्फा आली की आपल्या कोडवर ती कशी तपासायची

हॅस्केल लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती, जीएचसीची, म्हणजे हॅस्केलच्या कंपायलरची, नवीन अल्फा किंवा आरसी (रिलीजआधी तपासायला दिलेली व्हर्जन्स) आली की तुमचा एक तरी खरा प्रोजेक्ट त्यावर बिल्ड करून बघा. कंपायलर टीमकडे स्वतःच्या टेस्ट भरपूर आहेत, पण तुमच्या कोडमध्ये टाइप फॅमिली, टेम्प्लेट हॅस्केल (भाषेच्या प्रगत सोयी) आणि पाच वर्षांपूर्वीची कुणाचीतरी लायब्ररी हे सगळं एकत्र कसं नांदतंय ते फक्त तुमच्याकडेच बघायला मिळतं.

आधी इन्स्टॉल. जीएचसीअपमध्ये (जीएचसी इन्स्टॉल करायचं टूल) प्रीरिलीजचं वेगळं चॅनल असतं, ते अॅड केलं की यादीत अल्फा दिसायला लागतात. इन्स्टॉल करा पण 'सेट' करू नका, नाहीतर रोजच्या कामाचा कंपायलरच बदलून बसतो. व्हर्जन नंबर विचित्र दिसेल, 9.12.1 येण्याआधीच्या अल्फांचा नंबर 9.12.0 आणि त्यापुढे तारीख असा असतो, तेव्हा गोंधळू नका.

मग प्रोजेक्टमध्ये जाऊन कबाल बिल्डला (कबाल हे हॅस्केलचं बिल्ड टूल) विथ-कंपायलर ऑप्शनने नवीन जीएचसी द्यायचा आणि बिल्डडिर ऑप्शनने वेगळा फोल्डर द्यायचा, म्हणजे रोजच्या बिल्डला धक्का लागत नाही. पहिल्यांदा जवळपास नक्की अडणार, आणि अडणार ते कंपायलरमुळे नाही तर व्हर्जन बाउंड्समुळे, कारण नवीन जीएचसीसोबत बेस या मूळ लायब्ररीचं नवीन व्हर्जन येतं आणि निम्म्या लायब्रऱ्या म्हणतात आम्हाला जुनाच बेस पाहिजे. तिथे अलाउ-न्यूअर (नव्या व्हर्जनवरची बंदी दुर्लक्षित करणारा ऑप्शन) लावा, शक्यतो फक्त बेस आणि टेम्प्लेट-हॅस्केलपुरतं, सरसकट सगळ्याला लावलं तर सॉल्व्हर (व्हर्जन्स निवडणारा कबालचा भाग) भलतीच व्हर्जन्स उचलतो आणि मग एरर नक्की कशामुळे आली तेच कळत नाही. ज्या लायब्रऱ्या तरीही कंपाइल होत नाहीत त्यांच्यासाठी हेड डॉट हॅकेज नावाची रिपॉझिटरी आहे, तिथे अजून न आलेल्या जीएचसीसाठी पॅच केलेली पॅकेजेस ठेवलेली असतात. ती फक्त टेस्टिंगसाठी, प्रॉडक्शनमध्ये अजिबात नको. आणि प्रोजेक्टमध्ये वेरर (वॉर्निंगला एरर मानणारा फ्लॅग) चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा, नवीन वॉर्निंग येणारच.

एडिटरचा लँग्वेज सर्व्हर बहुतेक वेळा चालणार नाही, कारण तो त्याच जीएचसीवर बिल्ड केलेला लागतो. जीएचसीआयडी (फाइल सेव्ह केली की एरर दाखवणारं टूल) किंवा साधं जीएचसीआय (जीएचसीचा इंटरॅक्टिव्ह प्रॉम्प्ट) वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एरर आली की ती कुणाची ते ठरवायचं. कंपायलर पॅनिक झाला आणि 'द इम्पॉसिबल हॅपन्ड' असा मेसेज आला तर प्रश्नच नाही, तो बग. पण टाइप एरर आली तर लगेच बग म्हणू नका, आधी त्या व्हर्जनचा मायग्रेशन गाइड वाचा. 9.0 चं उदाहरण घ्या, एखाद्या फंक्शनच्या टाइपमध्ये आत खोल कुठे फॉरऑल (कुठलाही टाइप चालेल असं सांगणारा शब्द) असला तर आधीचा जीएचसी ते फंक्शन नुसतं नाव लिहून पास केलं तरी चालवून घ्यायचा, 9.0 पासून तिथे लॅम्डा (निनावी फंक्शन) लिहून आर्ग्युमेंट स्पष्ट द्यावं लागायला लागलं. हा मुद्दाम केलेला बदल होता, बग नव्हता, पण लोकांना इतका त्रास झाला की 9.2.4 मध्ये डीप-सबसम्प्शन नावाचं एक्स्टेन्शन आणून जुनी वागणूक परत मिळवायची सोय केली. माझं मत असं की बदल मुद्दाम केलेला असला तरी तुमचा कोड किती ठिकाणी मोडला ते अल्फाच्याच वेळी सांगावं, कारण रिलीज झाल्यावर फेरविचार फार अवघड जातो.

बिल्ड झालं म्हणजे संपलं असं नाही, टेस्ट सूट पूर्ण चालवा. एकदा डीकोर-लिंट फ्लॅग लावूनही बिल्ड करा, कंपाइल हळू होतं पण ऑप्टिमायझरने मधल्या कोर भाषेत काही चुकीचं बनवलं तर ते तिथेच पकडलं जातं. टेस्ट फेल झाली तर ओ-झीरोवर (ऑप्टिमायझेशन बंद ठेवून) परत चालवून बघा, तिथे पास आणि ओ-वनवर फेल असेल तर संशय ऑप्टिमायझरवर. आरटीएसचा (प्रोग्रॅम चालवणाऱ्या रनटाइम सिस्टिमचा) एस ऑप्शन लावून वेळ आणि मेमरीचे आकडे जुन्या नव्या दोन्हीवर घेऊन ठेवा, तुमच्या प्रोग्रॅमचे आणि खुद्द कंपाइल करतानाच्या जीएचसीचेही, अचानक दुप्पट मेमरी लागत असेल तर तोही रिपोर्ट करण्यासारखाच बग आहे.

रिपोर्ट जीएचसीच्या गिटलॅबवर टाकायचा, आधी तोच बग कुणी टाकलाय का ते शोधून. कोड लहान करायला वेळ द्या, एक मॉड्यूल काढा, बिल्ड करा, एरर आहे का बघा, अजून एक काढा, असं करत फक्त बेसवर चालणारी वीस-तीस ओळींची एकच फाइल राहिली की ती सोन्यासारखी. सोबत व्हर्जनचा पूर्ण नंबर, ऑपरेटिंग सिस्टिम, फ्लॅग्स, आणि कुठल्या जुन्या व्हर्जनवर हेच चालत होतं ते लिहा, ही शेवटची गोष्ट लोक नेहमी विसरतात आणि रिग्रेशन आहे हे त्यावरूनच कळतं.

ती छोटी फाइल जपून ठेवा, पुढची अल्फा आली की सगळ्यात आधी तीच चालवा आणि फिक्स झालंय की नाही ते त्याच इश्यूवर कळवा, मग जुनी अल्फा जीएचसीअपमधून काढून टाकली तरी चालेल.