शॉक लागून चिकटलेल्या माणसाला सोडवायचं कसं

‘शॉक लागला की आधी मेन बंद करा’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. मी बावीस वर्षं घरांचं वायरिंग आणि शेतातल्या मोटारींची कामं करतोय. चिकटलेल्या माणसाला सोडवायची वेळ पाच-सहा वेळा आली. पहिल्या वेळी मी वायरमन असूनही सगळं चुकवलं होतं.

सुरुवात मेनपासूनच करा. गीझर, कूलर, मिक्सर, पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर, असं काही असेल तर बहुतेक काम तिथेच होतं. नुसतं बटण बंद करून थांबू नका. जुन्या वायरिंगमध्ये फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) उलटे जोडलेले असले की बटण न्यूट्रल तोडतं आणि वस्तूत करंट तसाच राहतो. स्कूटरचा चार्जर एक्स्टेन्शन बोर्डावर असेल आणि खाली पाणी साचलं असेल तर पिन उपटायला वाकू नका, थेट बोर्डावरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडा. एमसीबी आपोआप पडेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. 16 अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा दशांश अँपिअर कळतही नाही, आणि हृदय बंद पाडायला तेवढा पुरतो.

आता खरी अडचण. मेन पाडला तरी माणूस सुटत नाही, असं होतं.

पावसाळ्याचे दिवस होते. शेजारच्या काकू अंगणात कपडे वाळत घालताना तारेला चिकटल्या. ओरडता येत नव्हतं, घशातून नुसता घोगरा आवाज. हातातलं ओलं लुगडं पानासारखं थरथरत होतं. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि मागच्या भिंतीवर जाऊन आपटलो. फेकला गेलो म्हणून वाचलो, नाहीतर मीही चिकटलो असतो. उठलो, त्यांच्या घरात जाऊन मेन पाडला, परत येऊन पुन्हा हात घालणार तेवढ्यात काकूंचा मुलगा ओरडला, “दादा, थांब! आई अजून थरथरतेय!”

मेन बंद असताना करंट आला कुठून? खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली होती. पत्रा जिवंत झाला होता आणि कपड्यांची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार त्याच पत्र्याच्या अँगलला बांधलेली होती. हा करंट मीटरच्या आधीचा, खांबाकडच्या बाजूचा. घरातला मेन, एमसीबी, 30 मिलिअँपिअर गळतीला पडणारा ईएलसीबी, कशाचाच त्याच्याशी संबंध नाही. कपड्यांच्या तारेवर एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसं जातात ती अशीच. पहिली चिकटते, दुसरी ओढायला जाते, तिसरी दुसरीला.

म्हणून मेन पाडून आलात तरी चालू करंट समजूनच वागा. माणूस सैल पडलेला दिसला तरीही.

सोडवायला प्लास्टिकची खुर्ची घ्या. माझं हे मत ठाम आहे. लाकडी काठीचा सल्ला देणाऱ्यांनी भर पावसात कोरडी काठी शोधून दाखवावी. भिजलेलं लाकूड आणि ओला बांबू करंट नेतात. पायातल्या चपलेवरही भिस्त ठेवू नका. झिजलेल्या, भिजलेल्या चपलेचा काही भरवसा नसतो. खुर्ची घराघरात असते, फडक्याने पुसली की कोरडी होते. एका खुर्चीवर किंवा स्टुलावर स्वतः उभं राहा, दुसरीच्या पायांनी चिकटलेला हात तारेवरून जोरात ढकला. हळूहळू नको, एका दणक्यात. ओढायला जाऊ नका, ओढलेला माणूस तुमच्या अंगावर येतो. 10-15 मिलिअँपिअरलाच बोटं आखडतात आणि मूठ उघडत नाही, त्यामुळे ‘सोड, सोड’ ओरडून उपयोग नसतो. त्या दिवशी काकूंच्या मुलाने असंच खुर्चीने ढकलून त्यांना सोडवलं. मी भिंतीशी उभा राहून बघत होतो.

हे सगळं घरगुती 230 व्होल्टपुरतं. शेतात 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) तार तुटून पडली असेल तर खुर्ची, काठी काही चालत नाही. दहा मीटर लांब थांबा, वीज कंपनीच्या 1912 ला फोन करा, लाइन बंद झाल्याचं पक्कं कळेपर्यंत पुढे जाऊ नका. आधीच जवळ असाल तर पाय जमिनीला घासत, छोटी पावलं टाकत मागे या.

सुटल्यावर श्वास बघा. श्वास नसेल, किंवा मधूनच आचका दिल्यासारखा येत असेल, तर 108 ला फोन लावून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, अँब्युलन्स येईपर्यंत. कांदा हुंगवणं, तळवे चोळणं, तोंडात पाणी ओतणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मातीत पुरून ठेवणं, यात जीव वाचवायची मिनिटं जातात.

शुद्धीवर असलेला माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. काकूही म्हणाल्या, वर चहा टाकायला निघाल्या. तळहातावर डाळीएवढा पांढरट डाग, बाकी काही नाही. ओढून दवाखान्यात नेलं, ईसीजीत ठोके अनियमित निघाले, 24 तास मॉनिटरवर ठेवावं लागलं. वरचा डाग लहान असला तरी आतले स्नायू भाजलेले असू शकतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर ताबडतोब परत जा. स्नायूंतून सुटलेलं द्रव्य मूत्रपिंड बंद पाडतं. डॉक्टरांना किती व्होल्ट, किती वेळ, पडला का, एवढं सांगा.

सर्व्हिस वायर पत्र्यावरून उचलून घ्यायचं काम लाइनमनचं. कपड्यांची तार काढून नायलॉनची दोरी बांधणं मात्र तुमचं. तिचं टोक पत्र्याला किंवा लोखंडी खांबाला बांधू नका, भिजलेली दोरीही थोडाफार करंट आणते. झाडाला बांधा.